सरडा खोटं बोलत नाही!

एक रंगानं बोलतो, दुसरा गळ्यानं. एकाच्या नावानं आपण शिव्या घालतो, दुसऱ्याचं तोंडभरून कौतुक करतो. पण भारतीय शॅमेलिऑन आणि दयाळ या दोघांना समोरासमोर बसवलं, तर खरा रंगबदलू कोण निघतो?

'सरडा आहेस तू, सरडा!'

माझ्या मैत्रिणीनं मला हे सुनावलं तेव्हा आम्ही एका ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभ्या होतो. जूनचा पहिला आठवडा. वळवाचा पाऊस नुकताच पडून गेलेला, हातात हेल्मेट आणि डोळ्यांत पाणी. पाणी तिच्या डोळ्यांत. माझ्या नाही.

झालं होतं असं, की आम्ही दोघींनी मिळून एका क्लायंटचं मान्सून ऑफरचं ब्रोशर केलं होतं. कॉपी तिची, एडिटिंग आणि शेवटचं प्रूफ माझं. त्यात ऑफरची तारीख चुकीची गेली. एखाद-दुसरी नाही, चांगल्या पाच हजार प्रती छापून मोकळ्या! मीटिंगमध्ये क्लायंटनं विचारलं, 'फायनल कुणी बघितलं होतं?' खरं उत्तर एकाच शब्दाचं होतं: मी. पण मी तोंडात मिठाची गुळणी धरली. त्यानं माझ्या मैत्रिणीकडे वळून 'कॉपी तुमचीच ना?' असं विचारलं, तेव्हा मी चक्क मान डोलावली. तिचं पेमेंट तिथल्या तिथे थांबवलं गेलं. माझं नाही.

आणि बाहेर आल्यावर मी तिच्या खांद्यावर हात टाकून काय म्हणावं? 'सॉरी यार, तुला माहितीये ना तो माणूस कसा आहे ते!'

'आत एक रंग, बाहेर एक रंग,' ती म्हणाली आणि पुढे ते सरड्याचं वाक्य. मग स्कूटरला किक मारून निघून गेली.

आता तुम्ही म्हणाल, लाइफस्टाइलच्या पानांवर हे काय रडगाणं? थांबा जरा. त्याच आठवड्यात मला खराखुरा सरडा भेटला. तोही असा तसा नाही, सगळ्या रंगबदलूंचा बादशहा!

बांधावरचा पाहुणा

डोकं शांत करायचं म्हणून शनिवारी मामाकडे गेले. मामाचं शेत सासवडच्या पुढे. अंजिराची आणि सीताफळाची झाडं, बांधावर बोरी-बाभळी. चहा पिऊन फिरायला निघालो, तर मामा एका बोरीपाशी थबकला. 'ते बघ.' मला आधी काहीच दिसेना. मग एक पान हललं. वाऱ्यावर हलावं तसं, पुढे-मागे, पुढे-मागे. फक्त वारा अजिबात नव्हता.

शेपटीसकट फूटभर लांबीचा हिरवागार प्राणी. पायांची बोटं चिमट्यासारखी जुळलेली, शेपूट फांदीला गुंडाळलेली, डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंचवटा आणि डोळे... त्या डोळ्यांबद्दल काय सांगू! दोन छोटे मनोरेच म्हणा ना. एक मनोरा माझ्याकडे वळलेला, दुसरा पानावरच्या टोळाकडे. दोन्ही एकाच वेळी, वेगवेगळ्या दिशांना. हा भारतीय शॅमेलिऑन. मराठीत सरडगुहिरा म्हणतात, काही जण घोयराही म्हणतात. आपल्या बागेतल्या कुंपणावर मान वरखाली करणारा तो सरडा वेगळा बरं का! जगात शॅमेलिऑनच्या दोनशेहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या जवळपास निम्म्या एकट्या मादागास्करमध्ये. भारताच्या वाट्याला आली ती ही एकच.

तेवढ्यात शेजारच्या मळ्यातले काका काठी घेऊनच आले. 'विषारी असतंय ते, ठेवायचं नाही.' काठी जवळ आली मात्र, त्या प्राण्यानं अंग फुगवलं, तोंड वासलं, फुसकारा सोडला आणि बघता बघता हिरव्या अंगावर काळपट ठिपके उमटले. मामा मध्ये पडला. 'राहू द्या दादा, किडे खातंय ते. तुमचंच काम करतंय.' काकांनी काठी खाली घेतली, पण चेहऱ्यावर काही पटलेलं दिसेना. (मामाचं बरोबर होतं. शॅमेलिऑनला विष नसतं.)

माझ्या मनात मात्र आलं, बघ, बदलला की नाही रंग! मैत्रीण काय चुकीचं बोलली?

रात्री जेवण झाल्यावर मामा टॉर्च घेऊन मला पुन्हा तिथे घेऊन गेला. फांदीच्या अगदी टोकाला तो झोपलेला. दिवसभर न दिसणारा प्राणी आता टॉर्चच्या झोतात फिकट पिवळसर चमकत होता, शंभर फुटांवरून ओळखावा असा. झोपेत त्याचा रंग उतरतो. म्हणजे ज्याची ख्याती लपण्याबद्दल, तो झोपला की उलट उघडा पडतो. तिथे माझं डोकं पहिल्यांदा भणभणलं.

टाकीवरचा गवई

दुसरं पात्र भेटलं सोमवारी पहाटे, घरी. मी कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहते. झोप लागत नव्हती. पाचच्या सुमाराला समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीवरून शीळ सुरू झाली. स्वच्छ, लांब, मध्येच वळण घेणारी. बाल्कनीत जाऊन पाहिलं तर दयाळ. काळा कोट, पांढरा शर्ट, शेपूट टेचात वर केलेली. एखाद्या कॉर्पोरेट पार्टीला निघाल्यासारखा!

दयाळ तुम्ही नक्की पाहिलाय, नाव कदाचित माहीत नसेल. शहरातल्या बागा, सोसायट्यांची आवारं, जुने वाडे, सगळीकडे तो असतो. नर काळा-पांढरा, मादीचा काळा रंग जरा करडा. झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या कोनाड्यात घरटं करतात. मार्च ते जुलै हा यांचा विणीचा हंगाम, म्हणजेच गाण्याचा सीझन. बांगलादेशाचा हा राष्ट्रीय पक्षी, तिथे त्याला 'दोयेल' म्हणतात आणि तो त्यांच्या दोन टाकांच्या नोटेवरही झळकलाय.

आमच्या भाषेत या दोघांची वाटणी फार सरळ आहे. कुणी पक्षासारखा पक्ष बदलला की 'सरड्यासारखा रंग बदलला'. कुणाची झेप तोकडी पडली की 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत'. आणि कुणी छान गायलं की 'काय गोड गळा आहे, अगदी पाखरासारखा!' एक लबाड, एक निरागस. केस क्लोज्ड.

मी मास कम्युनिकेशनची विद्यार्थिनी. 'कम्युनिकेशन' या शब्दावर माझं पोट चालतं. म्हटलं, निदान या दोघांचं कम्युनिकेशन तरी नीट समजून घेऊ. आणि वाचत गेले तसतशी ती केस उलटी फिरत गेली.

रंगाचा फंडा

पहिला धक्का. शॅमेलिऑन जिथे बसेल तिथला रंग घेतो, ही चक्क थाप आहे. त्याला चौकटीच्या टेबलक्लॉथवर ठेवा, अंगावर चौकटी उमटणार नाहीत. लपायला त्याचा रोजचा हिरवा-तपकिरी रंगच पुरतो, जोडीला ती पानासारखी डुलती चाल. रंग बदलतो तो बहुतेक वेळा दोन कारणांनी. एक म्हणजे तापमान. सकाळी गारठलेला असला की अंग गडद करून ऊन पिऊन घेतो. दुसरं म्हणजे बोलण्यासाठी. चिडलो, घाबरलो, लग्नाला तयार आहे, लांब राहा... हे सगळं तो कातडीवर लिहितो.

हे होतं कसं? बरीच वर्षं समज असा होता, की कातडीतल्या रंगद्रव्याच्या पिशव्या पसरतात, आकसतात आणि रंग बदलतो. २०१५ मध्ये जिनिव्हा विद्यापीठाच्या मिशेल मिलिन्कोविच यांच्या टीमनं मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनची कातडी तपासली, तेव्हा खरी गंमत कळली. कातडीत इरिडोफोर नावाच्या पेशींचा थर असतो. त्यात ग्वानिन या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक ओळीत मांडलेले. प्राणी निवांत असतो तेव्हा स्फटिक जवळजवळ असतात आणि निळा प्रकाश परत फेकतात. वरच्या थरातला पिवळा त्यात मिसळला की आपल्याला दिसतो हिरवा. प्राणी भडकला की स्फटिकांमधलं अंतर वाढतं आणि रंग पिवळ्या-केशरीकडे सरकतो. थोडक्यात, रंग बदलणं म्हणजे रंग लावणं नव्हे. आतली मांडणी हलली की बाहेर ती दिसतेच!

दुसरा धक्का २००८ सालचा. देवी स्टुअर्ट-फॉक्स आणि अदनान मौसल्ली या संशोधकांनी दक्षिण आफ्रिकेतल्या बुटक्या शॅमेलिऑनच्या जाती तुलनेला घेतल्या. प्रश्न साधा होता. रंग बदलायची ताकद कुठे जास्त वाढली? लपायची गरज जास्त होती तिथे? उत्तर आलं, नाही. ज्यांना एकमेकांसमोर ठळक दिसायचं होतं, त्यांच्यात ती वाढली. ज्या गुणाला आपण 'लपवाछपवी' म्हणतो, तो वाढला दिसण्यासाठी.

आणि तिसरा धक्का. तो मला जरा झोंबलाच. येमेन आणि सौदी अरेबियात व्हेल्ड शॅमेलिऑन राहतो, आपल्या भारतीय शॅमेलिऑनचा सख्खा चुलतभाऊ म्हणा. अमेरिकेतल्या अॅरिझोना स्टेट विद्यापीठात रसेल लिगन आणि केव्हिन मॅकग्रॉ यांनी या जातीच्या नरांच्या मारामाऱ्या कॅमेऱ्यात टिपल्या. २०१३ मध्ये त्यांनी दाखवलं, की ज्याच्या अंगावरचे पट्टे जास्त उजळतात तो पुढे सरसावायची शक्यता जास्त आणि ज्याचं डोकं जास्त उजळतं, भराभर उजळतं, तो जिंकायची शक्यता जास्त. म्हणजे काय, तर मारामारीआधीच स्कोअर जाहीर! २०१४ मध्ये लिगन यांनी हरणाऱ्यांचा अभ्यास छापला. हरणारा नर उघडपणे काळवंडतो. 'मी हरलो, आता मारू नकोस' हे तो समोरच्याच्या तोंडावर, अंगभर सांगतो. आणि त्यामुळे दोघांच्याही जखमा वाचतात.

हे वाचून मी लॅपटॉप मिटवला. त्या मीटिंगमध्ये माझा चेहरा कसा होता, आठवून पाहिलं. कोरा. एसीचा गारवा, जरासं फाउंडेशन आणि प्रोफेशनल स्माइल.

गळ्याची गोष्ट

आता दयाळकडे वळू. शॅमेलिऑनला बाहेरून कान नाहीत आणि ऐकूही जेमतेमच येतं. जीभ आहे, पण बोलायला नव्हे. अंगापेक्षा लांब सुटणारी ती जीभ म्हणजे किडे टिपायचा बाण. दयाळचा सगळा संसार मात्र आवाजावर उभा.

माणसाचा आवाज गळ्यात वर, कंठात तयार होतो. पक्ष्याचा तयार होतो खाली, श्वासनलिकेला जिथे दोन फाटे फुटतात तिथे. या अवयवाचं नाव सिरिंक्स. गाणाऱ्या पक्ष्यांमध्ये त्याच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या चालवता येतात. म्हणजे एकाच वेळी दोन सूर! शॅमेलिऑनचे दोन डोळे दोन दिशांना, दयाळच्या गळ्याच्या दोन बाजू दोन सुरांवर. निसर्गानं 'मल्टिटास्किंग' दोघांनाही दिलं, फक्त डिपार्टमेंट वेगळं.

पण खरा फरक पुढे आहे. शॅमेलिऑनच्या पिल्लाला कुणी काही शिकवत नाही. आई जमिनीत खड्डा करून अंडी घालते, माती लोटते आणि निघून जाते. पिल्लू बाहेर येतं ते सगळा सिलॅबस पाठ करूनच. गाणारा पक्षी तसा नाही. त्याला गाणं शिकावं लागतं. पीटर मार्लर यांनी १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो नावाच्या पक्ष्यावर काम केलं. लहानपणी मोठ्यांचं गाणं कानावर पडलंच नाही, तर पिल्लू मोठेपणी नीट गाऊ शकत नाही, हे त्यांनी दाखवलं. इतकंच काय, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास थोड्या अंतरावर राहणाऱ्या याच पक्ष्यांच्या बोली वेगवेगळ्या निघाल्या. आपल्याकडे कसं, पुण्याची मराठी आणि कोल्हापूरची मराठी!

आपला दयाळ तर त्याहून वस्ताद. तो इतर पक्ष्यांचे आवाज उचलून आपल्या गाण्यात बसवतो. आणि ज्या गोड शिळेनं मला पहाटे बाल्कनीत आणलं, तिचा मराठीत अनुवाद केला तर साधारण असा होईल: 'ही टाकी माझी आहे, पलीकडे हो.' विणीच्या हंगामात नर आपला इलाका राखण्यासाठी आणि मादीला खूश करण्यासाठी गातो. दुसरा नर हद्दीत आला की गळा काढलाच म्हणून समजा. आपण ज्याला भूप समजून डोळे मिटतो, ती बऱ्याचदा सोसायटीच्या पार्किंगची भांडणं असतात!

हरिद्वारच्या गुरुकुल कांगडी विद्यापीठातून अनिल कुमार आणि दिनेश भट्ट यांनी दयाळच्या आवाजांवर अभ्यास केला आणि २००१ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापला. गाण्याखेरीज दयाळचे वेगवेगळे हुकमी आवाज त्यांनी नोंदवले. हद्दीचा, सकाळी बाहेर पडताना आणि रात्री मुक्कामाला जातानाचा, धमकीचा, पिल्लांचा खाऊ मागण्याचा, संकटाचा. आणि आणखी एक, शरणागतीचा. हो, दयाळसुद्धा हरला की तसं सांगतो. शॅमेलिऑन काळा पडून, दयाळ आवाज काढून.

आमनेसामने

घाईत असाल तर एवढंच वाचा!

शॅमेलिऑन बोलतो कातडीनं, दयाळ गळ्यानं.

शॅमेलिऑन जन्मतःच पदवीधर, दयाळला आयुष्याची सुरुवात शिकवणीनं करावी लागते.

शॅमेलिऑन समोर असेल त्याच्याशीच बोलतो, दयाळचा निरोप भिंती ओलांडून जातो.

शॅमेलिऑन रात्री फिकट पडून दिसतो, दयाळ अंधारात न दिसताही ऐकू येतो.

शॅमेलिऑन दुसऱ्याचा रंग उसना घेत नाही. दयाळ दुसऱ्याचे सूर बिनधास्त घेतो. तरी शिवी कुणाच्या नावाची?

शहराचा रंग कुणाला लागतो?

आता तुमच्या-माझ्या जिव्हाळ्याचा विषय, शहर. हॉर्न, जनरेटर, मेट्रोची कामं. एवढ्या गोंगाटात गाणाऱ्यानं काय करायचं?

युरोपात याचा बराच अभ्यास झालाय. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात हान्स स्लॅबेकोर्न आणि मार्ग्रिट पीट यांनी २००३ मध्ये दाखवलं, की गजबजलेल्या भागातले ग्रेट टिट पक्षी वरच्या पट्टीत गातात, कारण ट्रॅफिकचा घरघराट खालच्या पट्टीतला असतो. इंग्लंडच्या शेफील्डमध्ये २००७ साली आढळलं, की जिथे दिवसा गोंगाट जास्त, तिथले रॉबिन रात्री गातात. नाइट शिफ्टच! आणि २०२० चा लॉकडाउन आठवतोय ना? त्या शांततेत सॅन फ्रान्सिस्कोचे व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो, म्हणजे मार्लर यांच्याच ओळखीचे पक्षी, पुन्हा हळू आणि खालच्या पट्टीत गाऊ लागले. एलिझाबेथ डेरीबेरी यांच्या टीमनं त्याच वर्षी 'सायन्स'मध्ये हे मांडलं. आवाज हळू असूनही गाणं पूर्वीपेक्षा दूरवर पोचत होतं. ओरडायची गरजच उरली नव्हती.

मला हे वाचून आमचं ऑफिस आठवलं. बॉससमोर एक पट्टी, क्लायंटसमोर दुसरी, आईच्या फोनवर तिसरी. परिस्थिती पाहून सूर बदलणारा प्राणी शोधायचा असेल, तर तो फांदीवर नाही, टाकीवर बसलाय. पण म्हणून त्याला लबाड म्हणायचं का? त्याचा निरोप तोच आहे, 'मी इथे आहे.' तो ऐकू जावा म्हणून पट्टी तेवढी बदललीय. पट्टी बदलणं वेगळं आणि निरोपच बदलणं वेगळं. मी मीटिंगमध्ये दुसरं केलं होतं.

शॅमेलिऑनला मात्र ही सोय नाही. त्याला झाडंझुडपं लागतात, अंडी घालायला भुसभुशीत जमीन लागते. बांध सपाट झाला, झुडपं जाळली, मध्ये चौपदरी रस्ता आला की त्या डुलत्या चालीनं तो पलीकडे कसा जाणार? 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' हे आपण त्याच्या तोकडेपणाबद्दल म्हणतो. पण कुंपण आपण घातलं!

बोलण्याची किंमत

बोलायची किंमत दोघंही मोजतात. दयाळला गळा महाग पडतो. आग्नेय आशियात गाणारे पक्षी पिंजऱ्यात पाळायचा, त्यांच्या गाण्याच्या स्पर्धा लावायचा मोठा शौक आहे. सिंगापूरमध्ये १९२० च्या दशकात दयाळ सर्रास दिसायचा. १९७० च्या दशकापर्यंत तो तिथून जवळजवळ नाहीसा झाला होता. वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या 'ट्रॅफिक' या संस्थेनं २०२० मध्ये मलेशियातल्या दयाळच्या तस्करीवर स्वतंत्र अहवालच काढला. जितकं छान गाणं, तितका पिंजरा जवळ.

शॅमेलिऑनला महाग पडते त्याची बदनामी. विषारी आहे, अपशकुनी आहे, दिसला की ठेचा. भारतात त्याला वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षण आहे, आंतरराष्ट्रीय व्यापारावर 'साइट्स' कराराचं बंधन आहे. पण काठी उगारणाऱ्या हाताला कायदा आठवत नाही, म्हण आठवते. म्हणून म्हणते, शब्द जरा जपून वापरायला हवेत. 'सरडा' ही शिवी देताना आपण एका मुक्या जिवाविरुद्ध साक्ष देत असतो.

तुम्हाला काही करायचंच असेल तर फार अवघड नाही. सोसायटीतल्या जुन्या झाडाची ढोली 'कुजकी' म्हणून कापू देऊ नका, दयाळचं ते टू-बीएचके आहे. गावाकडे कुणी शॅमेलिऑनवर काठी उगारली, तर माझ्या मामासारखं मध्ये पडा. आणि मोबाइलवर फोटोसाठी त्याला हातात घेऊन गरगर फिरवू नका. त्याचा रंग बदलतो तेव्हा तो तुमच्यासाठी पोज देत नसतो, ओरडत असतो.

मी आणि माझा रंग

मामाच्या बांधावरचा तो क्षण मला नंतर पुन्हा आठवला. काठी समोर आली तेव्हा तो प्राणी काळपट ठिपक्यांनी भरला. मला वाटलं, बघा, फसवतोय. प्रत्यक्षात तो त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात खरं वाक्य बोलत होता: 'मला भीती वाटतेय, लांब हो.' आपल्यालाही हे जमायचं की एकेकाळी! मराठीत शब्द तरी किती आहेत बघा. लालबुंद होणं, पांढराफटक पडणं, काळवंडणं, गोरंमोरं होणं. माणसाची कातडीही बोलायचीच. आपण तिला गप्प बसायला शिकवलं आणि त्याला नाव दिलं 'प्रोफेशनल'.

मैत्रीण मला सरडा म्हणाली. खरं तर तिनं माझं फारच कौतुक केलं होतं. सरडा असते तर त्या टेबलापाशी मी सगळ्यांदेखत काळी पडले असते आणि क्लायंटला उत्तर आपोआप मिळालं असतं.

बुधवारी सकाळी मी क्लायंटला मेल टाकला. तीन ओळींचा. शेवटचं प्रूफ मी पाहिलं होतं. तारीख माझ्या नजरेतून सुटली. माझ्या मैत्रिणीचं पेमेंट थांबवू नये, माझं थांबवावं. 'सेंड' दाबायला मला अठरा मिनिटं लागली. कानशिलं गरम झाली होती. आरशात बघितलं, लाल दिसत होती. छान वाटलं.

दुपारी उत्तर आलं, त्याहून आखूड: 'नोटेड.' तिचे पैसे पुढच्या आठवड्यात जमा झाले. माझे अजून झालेले नाहीत आणि त्या ऑफिसमधून मला पुन्हा कामही आलेलं नाही. त्याबद्दल तक्रार नाही. हरलेल्या शॅमेलिऑनलाही फांदी सोडावीच लागते.

मैत्रिणीला मेल फॉरवर्ड केला. दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला दयाळनं टाकीवर मैफल सुरू केली, तेव्हा मी फोनवर त्याचं मिनिटभर रेकॉर्डिंग केलं आणि तिला पाठवलं. खाली लिहिलं, 'हा म्हणतोय, टाकी माझी आहे. मी म्हणतेय, चूक माझी आहे.'

साडेसातला तिचा फोन आला. 'पहाटे पाचला कुणी मेसेज करतं का गं?' आवाज झोपाळलेला होता, पण पट्टी ओळखीची होती. 'अजून राग गेलेला नाही माझा. पण मला तो तुझा खरा सरडा बघायचाय.'

रविवारी आम्ही दोघी सासवडला चाललोय. मामाला फोन करून सांगून ठेवलंय. तो म्हणाला, 'या की. पण हळू बोलत या आणि बघायची सवय करून या. तो काही हाक मारणार नाही.'